पोथी मरणावर संपवत नाहीत

गोदूकाकू, कालपासून आळीत हातोड्या पुन्हा वाजायला लागल्या. तुम्ही गेलात तेव्हा तांबट आळीने आपणहून काम बंद ठेवलं होतं. कोणी सांगितलं नाही, कोणी ठरवलं नाही. तुमच्या घरातला ठोका थांबला तसा शेजारचा थांबला, मग त्याच्या शेजारचा. काल सकाळी तुमच्या यजमानांनीच, तात्यांनीच, पहिला हंडा पुढ्यात ओढला आणि मग बाकीच्यांनी हात चालवायला घेतले. मी शाळेला निघाले होते. जिन्यातच उभी राहिले आणि शाळेत पोचायला उशीर झाला. मोठ्या बाई रागावल्या नाहीत. घरातलं कोणी गेलं का, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

दुसरं काय सांगणार? तुम्ही तांबटाच्या घरच्या, मी तुमच्या माडीवर भाड्याने राहणाऱ्या कारकुनाची विधवा बहीण. आपल्यात ना रक्ताचं नातं, ना जातीचं. तुमचं सुतकसुद्धा मला लागत नाही. आणि तरी मी वर कुठेही बसले तरी खालून तुमची हाक येईल म्हणून कान देऊन असते.

काकू, आपला वाद अर्धा राहिला. तुम्ही मध्येच उठून गेलात, आणि हे तुमच्या सवयीला धरूनच झालं. वादात हरायला आलात की तुम्हाला नेमका चुलीवरचं दूध उतू गेल्याचा वास यायचा. मी कितीतरी वेळा मागून आत येऊन पाहिलं आहे. चुलीवर दूध नसायचंच. तेव्हा आज मी माझी बाजू पहिल्यापासून मांडते. मध्ये बोलू नका, असं सांगायची आता गरज उरली नाही, आणि रडू येतं ते त्याचंच.

मी दादाकडे आले तेव्हा मला सतरावं लागलं होतं. सासरी नवरा गेला, सासऱ्यांनी पांढऱ्या पायाची म्हणून माझी रवानगी केली. दादाने केस राहू दिले, एवढीच त्याची सुधारणा. त्यापुढे त्याची मजल नव्हती. वहिनी वाईट नव्हती, पण घरात एक तोंड वाढलं की बाईला भांडी जास्त दिसतात. मी दिवसभर राबायची आणि दुपारी धुण्याची बादली घेऊन गंगेवर जायची. रामकुंडाकडे नाही. तिथे सगळ्या नाशिकच्या बायका असतात, त्यांच्या नजरा असतात. मी वरच्या अंगाला जायची, जिथे पाणी खोल आहे आणि कोणी धूत नाही. धुणं व्हायचं, वाळायचं, तरी मी पाण्याकडे बघत बसून राहायची. मला त्या दिवसांत पाण्याची भीती वाटत नव्हती. एवढंच लिहिते, तुम्हाला कळेल.

एके दिवशी मी बादली घेऊन उतरत होते आणि तुम्ही जिन्याच्या तोंडाशी उभ्या होतात. तुम्ही बाजूला झाला नाहीत. म्हणालात, उद्यापासून धुणं सकाळी धू, दुपारची माझ्याकडे ये, वाचन असतं. मी म्हटलं, मला सोवळंओवळं असतं. तुम्ही म्हणालात, कानाला सोवळं नसतं.

तुमचं वाचन म्हणजे सगळ्या आळीचं वाचन. जेवणं झाली की तांबट घटकाभर आडवे व्हायचे आणि हातोड्या बंद पडायच्या. तेवढाच वेळ आळीत माणसाचा आवाज ऐकू यायचा. तो वेळ तुमचा. ओसरीवर कल्हईला आलेल्या भांड्यांच्या मधे बायका बसायच्या. कोणी गहू निवडतंय, कोणी वाती वळतंय, कोणाच्या मांडीवर पोर झोपलंय. दाराशी हमीदाबी बसायची, बांगड्यांची टोपली फडक्याने झाकून. आळीतल्या सगळ्या मनगटांत तिच्याच बांगड्या, आणि माझं मनगट मात्र मोकळं. पण तिने माझ्या हाताकडे कधी नजर टाकून ती मुद्दाम वळवली नाही. बाकी सगळ्या वळवायच्या.

तुमचे वडील विंचूरच्या देवळात पोथी सांगायचे. मुलगा नाही म्हणून त्यांनी तुम्हाला अक्षरं शिकवली आणि पोथीची चालही. तुम्ही पोथ्या संपवल्यात आणि मग कादंबऱ्यांना हात घातलात. दादा वाचनालयातून त्या वहिनीसाठी आणायचा, वहिनी उशाला घेऊन झोपायची, आणि पुस्तक तुमच्याकडे खाली यायचं. तुम्ही कादंबरी पोथीच्याच फडक्यात बांधायचात. पाटावर ठेवायचात, नमस्कार करून सोडायचात आणि त्याच लांबवलेल्या चालीत वाचायचात. बायकांच्या लेखी ती पोथीच होती. कादंबरी संपली की समाप्ती व्हायची. प्रत्येकीने फूल आणायचं, एकीने नारळ, तुम्ही शिरा करायचात. कुठल्याशा नायिकेच्या लग्नाबद्दल नारळ फोडून शिरा खाल्लेला मी तुमच्याच ओसरीवर. पुढे पुण्याला ही गोष्ट सांगितली तेव्हा माझ्या मैत्रिणी हसून लोळल्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, आजही दिसत नाही.

त्या श्रावणात तुम्ही मंजुळेची कादंबरी लावलीत.

मंजुळा लहानपणी विधवा झालेली, सासरी राबणारी. गावच्या मास्तरांकडून चोरून चार अक्षरं शिकते, गावाला कळतं, सासू तिला घराबाहेर काढते, आणि भरल्या पावसात ती नदीकडे चालू लागते. मी रोज खांबाला टेकून बसायची. तुम्ही माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत. मंजुळेच्या सासूने तिची पाटी चुलीत घातली त्या दिवशी मी उठून वर निघून गेले, आणि दुसऱ्या दिवशी हातोड्या थांबल्या तशी पुन्हा खाली येऊन बसले. मंजुळेचं काय होतं ते मला कळायलाच हवं होतं. तिचं जे होईल तेच माझं व्हायचं असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. कोणाला बोलले नव्हते.

समाप्तीच्या दिवशी मंजुळा काठाशी आली. तुमचा आवाज खाली आला. पाणी तिच्या घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. ओसरीवर गहू निवडायचे थांबले. आणि मग तुम्ही पान उलटलंत आणि नावाडी आला. म्हातारा, डोक्यावर घोंगड्याची खोळ. त्याने मंजुळेला काही विचारलं नाही. तू कोण, कुणाची, इथे काय करतेस, काही नाही. म्हणाला, "बस बाई, पलीकडे सोडतो." आणि त्याने तिला पलीकडे सोडलं. पलीकडे आगगाडी होती, पुणं होतं, विधवा बायकांना शिकवणारी संस्था होती. शेवटच्या पानावर मंजुळा एका शाळेत मुलींना बाराखडी शिकवत होती. बायका ढसाढसा रडल्या, मग नारळ फुटला.

सगळ्या गेल्यावर मी तुम्हाला विचारलं की अशी संस्था खरीच असते का. तुम्ही पुस्तक फडक्यात बांधत होतात. वर न बघता म्हणालात, छापलंय म्हणजे असणार.

त्यानंतरचं तुम्हाला सगळं माहीत आहे. मी दादाला सांगितलं, मी पुण्याला शिकायला जाते. दादा म्हणाला, लोक काय म्हणतील. वहिनी म्हणाली, घरातलं कोण करेल. तुम्ही वर आलात, उंबऱ्यात बसलात आणि दादाला म्हणालात, माडी तुम्हाला दिली ती माणसं बघून दिली. एवढंच बोलून बसून राहिलात. दादाने मान डोलावली तेव्हा उठलात. तात्या मला टांग्यातून नाशिकरोडला सोडायला आले आणि गाडी हलताना त्यांनी खिडकीतून स्वतः ठोकलेला तांब्या हातात दिला. मी शिकले, परीक्षा दिली, परत आले, नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत लागले. बाराखडी शिकवायला लागले. फळ्यावर पहिल्या दिवशी अ काढला तेव्हा माझ्या मनात दुसरं कोणी नव्हतं, मंजुळा होती.

तुम्ही विचारायचात, एवढी शिकलीस, मग ती कादंबरी पुन्हा का नाही वाचलीस? हे तुम्ही मंजुळेचा बोलपट येऊन गेल्यावर विचारलंत, आणि तेही मला गप्प करायला. काकू, जी गोष्ट ऐकून आपण घर सोडलं ती पुन्हा वाचायची कशाला? मला ती पाठ होती. नावाड्याच्या घोंगडीची भोकंसुद्धा मला दिसत होती.

आणि मग मेन रोडच्या भिंतींवर मंजुळा आली. मोठं रंगीत चित्र, डोळे पाण्याने भरलेले, मागे नदी. आळीत काय गोंधळ उडाला. कोणाची भाची माहेरपणाला यावी तशा बायका एकमेकींना सांगत सुटल्या, आपली मंजुळा आली. थेटरात दुपारचा एक खेळ फक्त बायकांसाठी ठेवला होता. अख्खी तांबट आळी निघाली. हमीदाबी तेवढी आली नाही, डोळे दुखतात म्हणाली. तुम्हीही आधी नको नको म्हणत होतात. गुडघे दुखतात म्हणालात. त्या दुखण्याचं खरं कारण मला तेव्हा कळलं नाही. आम्ही तुम्हाला ओढून नेलं. तुमच्याशिवाय मंजुळा बघायची म्हणजे भटाशिवाय सत्यनारायण.

कोणीतरी नारळ घेतला होता. समाप्तीला नारळ लागतो, त्यात विचारायचं काय? दारावरचा माणूस म्हणाला, आत नारळ फोडता येणार नाही. त्याला चारचौघींनी सांगितलं की बाबा, बाहेर पायरीवर फोडू, तू कशाला चिंता करतोस.

बोलपट चांगला होता, हे मी आजही म्हणेन. मास्तर जरा जास्त गात होते, सासू जरा जास्त ओरडत होती, पण पाटी चुलीत गेली तेव्हा सबंध थेटर हुंदके देत होतं. मंजुळा पावसात निघाली. काठाशी आली. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं. आणि आपल्या रांगेत कुजबुज सुरू झाली: आता येतो बघ. एकीने तर मागे बसलेल्या अनोळखी बायकांना धीर दिला, रडू नका, नावाडी येतोय. पाणी कमरेला लागलं. छातीला लागलं. मग पडद्यावर नुसतं पाणी राहिलं, त्यावर तिचा पदर तरंगत गेला, आणि दिवे लागले.

कोणी उठलं नाही. बायकांना वाटलं, मध्यंतर आहे.

मग जो आरडाओरडा झाला तो आठवला की मला अजून हसू येतं. सगळ्या जणी व्यवस्थापकाच्या खोलीत शिरल्या. तो बिचारा पानाचा विडा तोंडात धरून उभा राहिला. नावाडी कुठाय? कोणता नावाडी? अहो, मंजुळेचा नावाडी. तुम्ही तो तुकडा कापला. नाशिकच्या बायकांना अर्धी गोष्ट दाखवता? त्याने देवाची शपथ घेतली की कंपनीकडून रीळ जसं आलं तसं लावलं. बायका म्हणाल्या, मग कंपनीनेच नावाड्याची मजुरी वाचवली. पुस्तकात आहे, आम्ही कानांनी ऐकलंय. आणि सगळ्यांनी वळून तुमच्याकडे पाहिलं. काकू, सांगा यांना.

तुम्ही खोलीच्या दारात उभ्या होतात. मी तुमच्याकडे पाहत होते. तुमचा चेहरा उतरला नव्हता, तुम्ही घाबरल्याही नव्हतात. तुम्ही फक्त थकलेल्या दिसत होतात. म्हणालात, "असेल. तुटलं असेल रीळ. चला, पोरं घरी रडत असतील." बायकांचं समाधान झालं. तुमचा शब्द तो शब्द. थेटरवाल्याला शिव्या देत त्या घरी आल्या, आणि नारळ तसाच परत आला.

मला मात्र कळलं होतं. वाचनालयातून मी पुस्तक आणलं ते नुसती खात्री करायला. शेवटच्या पानावर मंजुळा बुडते. नावाडी नाही, गाडी नाही, पुणं नाही, बाराखडी नाही. बोलपट काढणाऱ्यांनी पुस्तकाशी अक्षरशः इमान राखलं होतं. गावातले शिकलेले लोक त्याबद्दल त्यांची वाहवा करत होते. एरवी सिनेमावाले चांगल्या पुस्तकाचं मातेरं करतात, यांनी एक ओळ बदलली नाही, म्हणून. आणि इकडे आपली आळी म्हणत होती की पुस्तकाचा खून झाला.

तिथून आपला वाद सुरू झाला. मी चिडले होते, काकू, आणि चिडायचा मला हक्क होता. मी म्हटलं, लेखकाने लिहिलं ते लिहिलं. आपण कोण बदलणारे? तुम्ही म्हणालात, लेखक काय आळीत येऊन बसला होता? मी म्हटलं, पण हे खोटं आहे. तुम्ही म्हणालात, सगळीच कादंबरी खोटी, त्यात माझा नावाडी तेवढा दिसला तुला. मी आणखी चिडले.

मग तुम्ही मुक्या सिनेमाचा दाखला काढलात. तुमच्या तरुणपणी तंबूत चित्रं हलायची आणि पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून गोष्ट सांगायचा. समोर लहान पोरं असली तर भूत लवकर मरायचं, लढाईवरून आलेले शिपाई असले तर लढाई लांबायची. तोच सिनेमा, पण रोज वेगळा. तुम्हाला तो माणूस बोलपटापेक्षा पसंत होता. "तुझं यंत्र बोलतं चांगलं," तुम्ही म्हणालात, "पण समोर कोण बसलंय ते त्याला कुठं दिसतंय?" मी म्हटलं, म्हणूनच ते प्रामाणिक असतं. या एका मुद्द्यावर आपण दोन पावसाळे काढले. नवा बोलपट आला की वाद ताजा. मी पुस्तक घेऊन बसायची, इथे हे गाळलं, तिथे ते घुसडलं म्हणून कंपनीला नावं ठेवायची. तुम्ही भाजी चिरता चिरता कंपनीची बाजू घ्यायचात, मुद्दाम.

पण मला खरं विचारायचं होतं ते दुसरंच. ते मी एकदाच विचारलं, गेल्या वर्षी, तुम्ही कुरडया घालत होतात तेव्हा. म्हटलं, काकू, तो शेवट तुम्ही माझ्यासाठी बदललात का?

तुम्ही हात थांबवला नाहीत. म्हणालात, "तुझं काय एवढं? श्रावणातली समाप्ती होती, दारात नारळ येऊन पडलेले. पोथी मरणावर संपवत नाहीत. वनवासात सोडून उठत नाहीत, देव घरी परत आला की मगच उठायचं. माझ्या बापाचा नेम होता." आणि मग तुम्हाला दुधाचा वास आला.

काकू, ते मला फार लागलं. तुम्हाला दाखवलं नाही, पण लागलं. नेम तर खराच आहे, मलाही माहीत आहे. मरणाच्या अध्यायावर पोथी बांधून ठेवत नाहीत, पुढची चार पानं वाचून मगच उठतात. म्हणजे माझं शिकणं, माझी शाळा, फळ्यावरचा तो अ, हे सगळं एका नारळाच्या आणि शिऱ्याच्या कृपेने झालं. समाप्ती जर श्रावणात नसती, एखाद्या साध्या महिन्यात असती, तर तुम्ही मंजुळेला बुडवून पुस्तक मिटलं असतंत, आणि मी तुमच्यामागून उठून वर गेले असते, बादली घेतली असती. कोणी मुद्दाम वाचवलं असतं तर एक गोष्ट. मी नेमात बसले म्हणून वाचले. हे मनात धरून मी गेलं वर्ष काढलं. तुमच्याशी हसले, भांडले, तुमच्या हातचं खाल्लं, आणि आत हे होतं.

नवरात्र झालं आणि तुम्हाला ताप भरला. डॉक्टर आले, औषध दिलं, साधा ताप म्हणाले, मग साधा म्हणायचे थांबले. मी शाळेतून आले की तुमच्याजवळ बसायची. तुम्ही डोळे मिटून विचारायचात, आज काय शिकवलंस. मी सांगायची. एकदा तुम्ही म्हणालात, जोडाक्षरं आली का पोरींना. आली म्हटलं. बरं झालं, म्हणालात. मला वाटत होतं की आता विचारावं, पुन्हा एकदा विचारावं. पण तापलेल्या माणसाशी कोण वाद घालतं? तुम्ही बऱ्या व्हाल आणि मग बघू, असं मी धरून चालले. तुम्ही पहाटे गेलात. तात्यांनी मला वर हाक मारली तेव्हा मला त्यांच्या आवाजावरूनच कळलं.

परवा दुपारी हमीदाबी आली. तुम्ही गेल्यापासून तिने टोपली बाहेर काढली नव्हती. ती तुमच्या ओसरीवर तिच्याच जागी, दाराशी बसली, आणि मी तिच्याशेजारी बसले. मग मीच बोलले. कोणाशी तरी बोलायला हवंच होतं. म्हटलं, हमीदाबी, काकूंचा नेम मोठा कडक, बघ. पोथी मरणावर संपवायची नाही म्हणून त्यांनी सबंध कादंबरी फिरवली.

हमीदाबी माझ्याकडे वळली. म्हणाली, "कुठला नेम, मथूबाई? एकदा पोथीत लढाईत कोवळं पोर पडलं, आणि आभाळ भरून आलं, तर काकू तिथंच पोथी मिटून वाळवण उचलायला पळाली. आम्ही सगळ्या पळालो. पुढचं वाचलंच नाही त्या दिवशी."

मी म्हटलं, मग मंजुळा?

तिने सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते, काकू, कारण तुम्ही मला हे कधीच सांगितलं नसतंत.

"ते पुस्तक काकूने आधी मला वाचून दाखवलं होतं. तू यायच्या आधीचा उन्हाळा. आळीतल्या बाया माहेरी गेलेल्या, आम्ही दोघीच. त्यात ती पोर बुडते. मी लय रडले. मग तू आली. तू दुपारची बादली घेऊन कुठं जाते ते मी फेरीला जाताना बघितलं, काकूला येऊन सांगितलं. काकूला रात्रभर झोप नाय. म्हणाली, पोरीला वाचनाला बसवते. मंजुळेचंच वाचते, ती ऐकेल तर तेच ऐकेल. मी म्हटलं, अल्लाच्या वास्ते ते नको, दुसरं काढ, ज्यात ती जगते असं काढ. तर म्हणाली, सगळी धुंडाळली हमीदा, वाचनालयातली सगळी मागवली. असली पोर जगते असं एकपण पुस्तक नाय."

मी विचारलं, आणि नावाडी?

"तो माझा बाप," हमीदाबी म्हणाली. "नांदूरकडे नाव चालवायचा. पुराच्या दिवसांत एक बाई अशीच काठाला आली होती. त्याने काय विचारलं नाय तिला. बस बाई, पलीकडे सोडतो, एवढंच. ते मी काकूला सांगितलं, तर काकू म्हणाली, मिळाला."

काकू, आपला वाद मी सोडलेला नाही. लेखकाने लिहिलेलं वाचणाऱ्याने बदलू नये, हे मी उद्याही वर्गात सांगणार आहे, आणि पुस्तकाशी इमान राखणाऱ्या बोलपटाची बाजू घेणार आहे. मंजुळेच्या शेवटाबद्दल मी तुम्हाला खोटं ठरवलं होतं, तेही मागे घेते असं नाही. पण माझ्याबद्दलचं खोटं तुम्ही एकदाच बोललात, कुरडया घालताना, "तुझं काय एवढं" म्हणालात तेव्हा. मला ओझं वाटू नये म्हणून बोललात. आपल्या पायांनी गेले, असंच मला वाटत राहावं म्हणून बोललात. तुम्हाला बादली माहीत होती, पाणी माहीत होतं, आणि एवढ्या वर्षांत तुम्ही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. मीही काढलं नाही. दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत एका घरात राहिलो.

मी जिवंत आहे, काकू. एवढं वाक्य तुम्हाला तोंडावर सांगायचं राहिलं.